कुंडीचे वजन

माघ सरता सरता पाचगणीहून एक लहानसे पुडके कर्जतच्या बाजारपेठेतील त्या घरी आले. खाली धान्याचे दुकान आणि वर राहते घर, अशी ती जुनी वास्तू. सूनबाईंनी पुडके स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोडले, तेव्हा भुशात गुंडाळलेले पाच तपकिरी, चपटे कंद बाहेर आले. सासूबाई दोन पावले मागे सरल्या. ज्या घराचा उंबरठा कांदा-बटाट्याने कधी ओलांडला नाही, तेथे चक्क ओट्यावर कंद!

"आई, हे खायचे नव्हेत, लावायचे आहेत. बेगोनियाचे आहेत," सूनबाई घाईघाईने म्हणाल्या.

सासूबाईंनी तरीही ओटा दोनदा पुसून घेतला. कंद मागच्या खोलीच्या खिडकीपाशी गेले.

सूनबाईंचे माहेर पाचगणीचे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या त्या गावात वडिलांच्या दुकानावरील गॅलरीत बेगोनियाच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असत. उन्हाळ्यातही तेथे रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटे. कर्जत मात्र भोर घाटाच्या पायथ्याशी. समुद्राचा वारा येथवर पोहोचेतो थकून जातो, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या घरात शिरतो. लग्नाला अजून वर्ष पुरे व्हायचे होते. आईने कंदांसोबत पाठवलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती : खळगा असलेली बाजू वर ठेव.

बेगोनिया हे नाव मिशेल बेगाँ या सतराव्या शतकातील फ्रेंच अधिकाऱ्यावरून पडले. मोठ्या, गुलाबासारख्या फुलांच्या ज्या कंदवर्गीय जाती आज कुंडीत दिसतात, त्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, बोलिव्हिया आणि पेरूच्या उतारांवर वाढत. १८६० च्या दशकात रिचर्ड पिअर्स या वनस्पतिसंग्राहकाने ते इंग्लंडमधील व्हीच यांच्या रोपवाटिकेकडे पाठवले, आणि तेथे जॉन सेडन यांनी त्यांपासून संकरित वाण तयार केले. या झाडाला सवय असते ती थंड रात्रींची, गाळून आलेल्या उजेडाची आणि पाणी धरून न ठेवणाऱ्या मातीची. पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस हे त्याच्या सुखाचे तापमान. पुढे त्या पाच कुंड्यांत जे जे बिघडले, त्याचे मूळ बहुतांशी येथेच होते. पण ते ध्यानी यायला पावसाळा उजाडावा लागला.

कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू अशा मिश्रणात कंद लावले. तीन-चार आठवड्यांत कोंब वर आले आणि पहिले पान उलगडले. "पान वाकडे आले गं," सासूबाई म्हणाल्या. एक बाजू मोठी, दुसरी लहान. पण ते दुखणे नव्हते. बेगोनियाचे पान जन्मतःच असे असमान असते. तीच त्याची ओळख.

खरे दुखणे पुढे सुरू झाले. देठ उंचच उंच वाढू लागले, पाने फिकट आणि विरळ आली, आणि रोपे एका अंगाला झुकली. मागची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती. रोपे उजेडासाठी मान ताणत होती. सूनबाईंनी कुंड्या उचलून पश्चिमेच्या खिडकीत नेल्या. दोनच दिवसांत पानांवर कागदासारखे कोरडे, तपकिरी चट्टे उमटले. आधी उजेडाची उपासमार होती, आता थेट उन्हाचा चटका. शेवटी पूर्वेची खिडकी निवडली आणि तिला जुन्या मलमलीचा पडदा लावला. सकाळचे कोवळे ऊन तेवढे आत येई. ताणलेला देठ पुन्हा आखूड झाला नाही आणि भाजलेले पान पुन्हा हिरवे झाले नाही. ते होतही नसते. उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानाला विचारायचे नसते. त्यानंतर येणाऱ्या नव्या पानाकडे पाहायचे असते. नवे पान बसके, गडद आणि रसरशीत आले, तेव्हा सूनबाईंना हायसे वाटले.

चैत्रात पानांच्या कडा करपू लागल्या. खोलीत पंखा दिवसभर फिरे आणि कोरडी, तापलेली हवा पानांतील ओल शोषून घेई. रोप अशक्त झाले असावे, असे समजून सूनबाईंनी दर कुंडीत चमचाभर मिश्रखत घातले. कडा अधिकच काळवंडल्या आणि मातीवर पांढरट थर धरला. खताचा अंश मातीत जास्त झाला की मुळांना पाणी ओढणे जड जाते, आणि त्याची पहिली खूण पानाच्या कडेला दिसते. मग खत थांबवले. साधे पाणी एकदा भरपूर घालून ते खालच्या छिद्रातून पूर्ण वाहू दिले आणि कुंड्या पंख्याच्या झोतातून हलवल्या. हवेत ओलावा राहावा म्हणून थाळीत खडे आणि पाणी घालून त्यावर कुंडी ठेवण्याची रीत आहे. ती मात्र सासूबाईंनी मोडून काढली. साठलेल्या पाण्यात जीव पडतात, मग ते पाणी ओतायचे कोठे? त्याऐवजी थाळीत विटांचा चुरा पसरला आणि तो नुसता ओलसर ठेवला. काम तेच झाले.

याच सुमारास एका रोपाच्या पेरांत कापसासारखे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण. हा कीटक पानाचा रस शोषतो, अंगातून चिकट द्राव सोडतो, आणि त्या गोडव्याला मुंग्या लागतात. मुंग्यांची रांग खिडकीच्या चौकटीवरून थेट कुंडीत उतरली होती. संध्याकाळी मुलगा बाजारातून औषधाची बाटली घेऊन आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी बाटली उचलली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर, घराबाहेर नेऊन ठेवली.

"मग झाड मरू द्यायचे का, आई? झाडातही जीव आहेच ना?" सूनबाईंच्या आवाजात पाणी होते.

सासूबाईंकडे याचे तयार उत्तर नव्हते. वनस्पतीतही जीव आहे, हे त्यांनीच सुनेला सांगितले असते. त्या रात्री घरात फारसे कोणी कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे दुकान उघडण्यापूर्वी वर आले. धान्याच्या व्यापाऱ्याला किडीची गोष्ट नवी नसते. तूर-हरभऱ्याला सोंडे लागल्यावर काय करावे, यापेक्षा लागू नयेत म्हणून काय करावे, यातच त्यांचे आयुष्य गेले होते. माल नीट वाळवून भरायचा, पोत्याखाली लाकडी फळी ठेवायची, जुना माल आधी काढायचा, आणि दर आठवड्याला हात घालून पाहायचे. "तुम्ही पानाची खालची बाजू कधी पाहिली होती?" त्यांनी विचारले. सूनबाईंनी मान खाली घातली. भरपूर खताने फुटलेली मऊ, रसाळ पालवी, खेटून ठेवलेल्या कुंड्या आणि कोंडलेली हवा. किडीला आमंत्रण घरानेच दिले होते.

मऊ पुंजणीने मुंग्या अलगद दूर केल्या. जेथे पुंजके दाट होते ती दोन पाने देठासकट कापून उल्हास नदीकाठच्या जास्वंदीच्या झुडपाखाली, सावलीत ठेवली. पान सुकल्यावर त्या जीवांचे काय झाले असेल, हा प्रश्न दोघींच्याही मनात आला. उत्तर कोणी दिले नाही. पण त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी प्रत्येक पान उलटून पाहण्याचा नियम झाला. एखादा-दुसरा कीटक दिसला तर तो तेव्हाच पुंजणीवर घेऊन बाहेर सोडता येई. शंभर झाल्यावर तो मार्ग उरत नाही. जयणा या शब्दाचा इतका घरगुती अर्थ सूनबाईंना त्या खिडकीत उमगला.

वैशाखाच्या अखेरीस सर्वांत अवघड कोडे पडले. दोन रोपांची पाने एकाएकी मलूल झाली. खालची पाने पिवळी पडून गळू लागली. उन्हाळा पाहता तहान लागली असावी, असे समजून सूनबाईंनी पाणी घातले. पाने अधिकच लोंबली. सासरे जेवायला वर आले तेव्हा त्यांनी सहज कुंडी उचलली. पायलीभर तांदळात मूठभर कमी-जास्त झाले तरी ज्या हाताला कळे, त्या हाताने क्षणभर कुंडी तोलली.

"ही तहानलेली नाही. ही बुडते आहे."

"पण बाबा, आज घालण्याआधी मी परवाच पाणी दिले होते, आणि तेही अर्धी वाटीच," सूनबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुन्हा कुंडी उचलली, खाली ठेवली आणि काही न बोलता जेवायला बसले. संध्याकाळी एका रोपाचे खोड बुंध्याशी मऊ होऊन हातात आले. कंद उकरला तर तो पिळपिळीत झाला होता आणि त्याला कुजका वास होता. चार दिवसांत दुसऱ्याचीही तीच गत झाली. पाचांचे तीन राहिले.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की हवेच्या जागा पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेली मुळे पाणी वर पोहोचवू शकत नाहीत, म्हणून भर पाण्यात उभे असलेले रोप तहानेने मान टाकते. तहान आणि बुडणे, दोन्हींत पान सारखेच दिसते. फरक सांगते ती कुंडी. कोरडी कुंडी हलकी लागते, ओली जड. उरलेली तीन रोपे लहान मातीच्या कुंड्यांत, मोठ्या छिद्रांच्या, लावली गेली. सासऱ्यांनी नियम घालून दिला : पाणी घालण्याआधी कुंडी उचलायची; हात 'हलकी' म्हणेल तेव्हाच पाणी. तरीही एखाद्या सकाळी कुंडी असायला हवी त्याहून जड लागे. सूनबाई मनाशी दिवस मोजत. हिशेब जुळत नसे.

आषाढी चौदशीच्या आधी, चातुर्मास लागण्यापूर्वी, सासूबाई माहेरी जाऊन येत. त्यांचे माहेर खालापूर तालुक्यात, खोपोलीला. कर्जतहून पळसदरीमार्गे जाणारी लोकल पकडून त्या सुनेलाही सोबत घेऊन गेल्या. मुसळधार पावसाची एक सर नुकतीच ओसरली होती. भाऊ त्यांना घाटाच्या पायथ्याकडे दर्शनासाठी नेत असता रस्त्याकडेच्या काळ्या खडकापाशी सासूबाई थांबल्या. ओल्या हिरवळीवर पाय पडू नये म्हणून त्या डांबराची कड सोडत नसत. पण तो खडक उभा होता आणि त्यावरची झाडे डोळ्यांसमोर होती. वीतभर उंचीची, लालसर देठांची, काठाला नक्षी कातरल्यासारख्या पानांची. मधूनच फिकट गुलाबी फुले उमलू लागली होती.

"हे तुझेच पान ना गं? एक बाजू मोठी, एक लहान."

सूनबाई पाहतच राहिल्या. तो सह्याद्रीचा आपला रानबेगोनिया होता. शास्त्रात त्याला बेगोनिया क्रेनाटा म्हणतात. तोही कंदाचाच. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून, शेवाळाच्या आधाराने तो उगवतो. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो सारा अंगावर घेऊन तेथे एकही पान पिवळे नव्हते. खडकावरून पाणी अखंड झिरपत होते आणि क्षणभरही थांबत नव्हते. वर झाडांची सावली होती, वारा मोकळा होता, माती चिमूटभर. पाणी किती पडले यावर नव्हे, किती साठून राहिले यावर सारे ठरत होते. परतीच्या गाडीत सासूबाई फार गप्प होत्या.

श्रावणात सरींचे तुषार आत येतात म्हणून पूर्वेची खिडकी दिवसच्या दिवस बंद राहू लागली, आणि पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. ही भुरी, म्हणजे एक बुरशी. कोंदट, दमट हवा आणि मंद उजेड तिला मानवतो. या वेळी उपाय सासूबाईंनी सांगितला. पापड, खाखरे, लोणची यांवर पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून जैन घरात जेवढी दक्षता घेतली जाते, तेवढी क्वचितच अन्यत्र घेतली जात असेल. डबा कोरडा, हात कोरडा, हवा खेळती. तोच न्याय कुंड्यांना लावला. खिडकीला बारीक जाळी बसवून ती उघडी ठेवली, कुंड्यांत हातभर अंतर सोडले, पाणी सकाळीच आणि पानांवर न उडवता कडेने घातले, ठिपके पडलेली पाने काढून दूर नेली. जुने डाग गेले नाहीत, पण नवी पाने स्वच्छ आली. भाद्रपदात एका रोपाने केशरी फूल दिले. एकच, पण वाटीएवढे.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण आटोपून घरातील सारे एकमेकांची क्षमा मागत होते. सूनबाई वाकल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांचे हात धरले.

"आधी माझे ऐक. मिच्छामि दुक्कडम्. तुझ्या दोन कुंड्या मी मारल्या."

उकळलेले पाणी ठरावीक प्रहरांपलीकडे चालत नाही. सूर्यास्तापूर्वी मडक्यात उरलेले निवलेले पाणी वाया जाऊ नये, म्हणून सासूबाई ते रोज संध्याकाळी हळूच सुनेच्या कुंड्यांत ओतत असत. कंद पाहून आपण ओटा दोनदा पुसला, सुनेच्या माहेरची वस्तू तिच्यादेखत दूर सारली, ही टोचणी त्यांच्या मनात होती. तिची भरपाई त्या अशी करत होत्या. सकाळी सूनबाईंचे पाणी, संध्याकाळी सासूबाईंचे. एकीला दुसरीचे ठाऊक नव्हते. खोपोलीचा खडक पाहिला त्या दिवशी त्यांना सारे उमगले. त्यांनी पाणी घालणे सोडले, पण सांगायला जीभ उचलली नव्हती.

सूनबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनीही क्षमा मागितली : बाटलीच्या संध्याकाळी बोललेल्या शब्दांसाठी. सासरे दाराशी उभे होते. कुंडीत दोन हातांचे पाणी आहे, हे त्यांच्या हाताने वैशाखातच ओळखले होते. तेव्हा तोंडाने सांगितले असते तर कदाचित एक कंद वाचला असता. त्यांनीही हात जोडले.

कार्तिकात तिन्ही रोपांची पाने पिवळी पडून गळू लागली. सूनबाई घाबरल्या, पुन्हा कूज, पुन्हा कीड? त्यांनी कुंड्या उचलून पाहिल्या, पाने उलटून पाहिली, खोडे दाबून पाहिली. काहीच सापडले नाही. भाऊबीजेला चुलत भाऊ आला तेव्हा सासूबाईंनी त्याला पहिला प्रश्न त्या खडकाचा विचारला. तो म्हणाला, "खडक कोरडा पडलाय ताई. एक पान नाही त्यावर."

मग घराला कळले की हे दुखणे नव्हे. दिवस बारा-तेरा तासांहून लहान होऊ लागला की कंदाचा बेगोनिया पाना-फुलांतून आपले सत्त्व काढून घेतो आणि कंदात साठवतो. त्या वेळी दया येऊन पाणी घातले तर तो झोपेतच कुजतो. पाणी हळूहळू तोडले, खोडे आपोआप गळून पडू दिली, आणि कंद झाडून, कोरड्या वाळूत घालून मातीच्या भांड्यात, दुकानामागच्या गार खोलीत ठेवले.

माघात भांडे उघडले. एक कंद सुकून लाकडासारखा झाला होता. उरलेल्या दोघांच्या खळग्यात गुलाबी डोळे फुटले होते. खळग्याची बाजू वर ठेवून सूनबाईंनी ते लावले, आणि त्याच दिवशी पाचगणीला फोन करून आईला सांगितले की, पाचांतले दोन आहेत, पण आता हे येथले आहेत.

पहिले पान उलगडले त्या संध्याकाळी सासूबाई उरलेल्या पाण्याचा तांब्या हाती घेऊन खिडकीपाशी आल्या. सवयीने तांब्या कलता झाला, आणि थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, दोन्ही हातांनी कुंडी उचलली, क्षणभर तोलली, आणि सुनेपुढे धरली.

"तूही बघ. मला तर जड लागते आहे."